रमचे दुकान आणि कॅलिप्सोचा तंबू

१९७१ सालचा मार्च महिना. वेस्ट इंडीजमधील पोर्ट ऑफ स्पेन या गावी अजित वाडेकरच्या भारतीय संघाने गॅरी सोबर्सच्या संघाला सात गडी राखून हरविले. वेस्ट इंडीजवर भारताने मिळविलेला हा पहिलाच कसोटी विजय! दिलीप सरदेसाईने त्या सामन्यात ११२ धावा काढल्या, आणि पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या सुनील गावसकर नावाच्या कोवळ्या पोराने ६५ आणि नाबाद ६७. पुढे एप्रिलात त्याच मैदानावर या पोराने एका डावात १२४ आणि दुसऱ्या डावात २२० धावा केल्या. मालिकेतील त्याच्या एकूण धावा ७७४. हे सारे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

परंतु त्यानंतर जे घडले ते मात्र जगात दुसऱ्या कुठल्या देशात क्वचितच घडले असते. लॉर्ड रिलेटर हे टोपणनाव धारण करणाऱ्या त्रिनिदादच्या एका गायकाने या मराठी मुलावर गाणे रचले. आपल्याच गोलंदाजांची त्याने कशी दमछाक केली, याचे मिश्किल वर्णन करणारे. आपला पराभव करणाऱ्या परक्या खेळाडूचा पोवाडा आपणच गायचा, आणि तोही हसत हसत! ही दिलदारी आली कोठून? हे गाणे ज्या 'कॅलिप्सो' जातीचे आहे, ती जात वाढली कोठे?

याचे उत्तर शोधू गेले तर क्रिकेटच्या मैदानावरून आपल्याला थेट रात्रीच्या मुलखात शिरावे लागते. रमच्या दुकानात, कॅलिप्सोच्या तंबूत, पोलादी पिंपांच्या वाड्यात. सोवळ्या वाचकांनी दचकू नये. आपल्या लावणीचा आणि वगाचा इतिहास सांगायचा तर तमाशाच्या फडाची पायरी चढावीच लागते. तसेच हे आहे.

मळीची माया

त्रिनिदाद हे कॅरिबियन समुद्राच्या अगदी दक्षिण टोकाचे बेट. व्हेनेझुएलाचा किनारा एवढा जवळ, की हे बेट त्या खंडाचाच एक तुटून पडलेला तुकडा वाटावे. कोलंबसाने ते १४९८ साली पाहिले आणि ख्रिस्ती त्रिमूर्तीवरून त्याचे नाव ठेवले. स्पेनकडून इंग्रजांनी ते १७९७ मध्ये घेतले. शेजारचे चिमुकले टोबॅगो त्याला १८८९ साली जोडले गेले. १९६२ च्या ऑगस्टअखेर हा जोडदेश स्वतंत्र झाला. लोकवस्ती आज तेरा-चौदा लाखांच्या घरात.

या बेटाचे सारे भाग्य आणि सारे दुर्भाग्य एका गवतात साठविलेले होते. ते गवत म्हणजे ऊस. आमच्या कोल्हापूर-नगरकडच्या वाचकांना उसाची कुंडली समजावून सांगायला नको. रस आटविला की साखर होते आणि खाली काळी, चिकट मळी उरते. ही मळी आंबवून तिचा अर्क काढला, ओकच्या पिंपात काही वर्षे मुरू दिला, की झाली रम. साखर जहाजात बसून विलायतेला जाई आणि तिचा पैसाही तिकडेच राही. बेटावर राबणाऱ्यांच्या वाट्याला मळी येई. म्हणजे गोडवा मालकाचा आणि गाळ मजुराचा! त्या गाळातूनच या लोकांनी आपली रात्र उभी केली.

मजूर कोण? आधी आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने उठली, १८३८ मध्ये उमेदवारीची बेडीही गळाली, आणि मोकळे झालेले लोक मळे सोडून चालते झाले. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८४५ च्या ३० मे रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. मौज अशी की, या जहाजाचा मालक आपल्या मुंबईचा एक मुसलमान व्यापारी होता. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे अशी करारावर तेथे गेली. बहुतेक बिहार आणि अयोध्या प्रांताकडची, काही मद्रासकडची. त्यांचे वंशज आज तेथील लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक आहेत.

गजाआडचा दुकानदार

'रमशॉप' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंद दिव्यांचा, मखमली खुर्च्यांचा बार येतो. ते चित्र पुसून टाका. रमशॉप म्हणजे आपल्या गावाकडचा कोपऱ्यावरचा वाणी, फक्त त्याच्या फळीवर गूळ-काडेपेटीबरोबर बाटल्याही आहेत! पत्र्याचे छप्पर, भिंतीवर दारू कंपनीच्या रंगीत जाहिराती, दोनचार लाकडी टेबले, आणि गल्ल्यासमोर लोखंडी जाळी. दुकानदार जाळीच्या आत, गिऱ्हाईक बाहेर. बाटली आणि पैसे एका छोट्या चौकटीतून इकडून तिकडे जातात. तुरुंगात कोण आणि मोकळा कोण, असा प्रश्न नव्या माणसाला पडावा! पूर्वी पुष्कळशी दुकाने मदेइराहून आलेल्या पोर्तुगीजांची किंवा चिन्यांची असत. पुढे हिंदी लोकही त्या धंद्यात शिरले.

येथे मापाची भाषाही निराळी. लहान बाटली म्हणजे 'निप'. त्याहून लहान 'पेटिट क्वार्ट', हे फ्रेंच वळणाचे नाव. त्या बेटावर एके काळी फ्रेंच मळेवाले होते, त्यांची भाषा गेली पण बाटलीवरचे नाव टिकले. दारूबरोबर तोंडात टाकायच्या पदार्थांना 'कटर्स' म्हणतात. म्हणजे आपला चखणा. आणि काही कामधाम न करता चारचौघांनी जमून गप्पा छाटण्याला म्हणतात 'लाइम' करणे. लाइम करायला निमित्त लागत नाही, वेळ लागत नाही, आणि खरे सांगायचे तर रमही लागतेच असे नाही. आपल्या पारावरच्या किंवा कट्ट्यावरच्या बैठकीची ही सख्खी बहीण. कोपऱ्यात 'ऑल फोर्स' नावाचा पत्त्यांचा डाव रंगलेला असतो, आणि डावापेक्षा त्यावरची टीकाटिप्पणी अधिक रंगलेली असते.

पोर्ट ऑफ स्पेनचे आणखी एक उत्पादन जगातल्या यच्चयावत बारमध्ये सापडते. ते म्हणजे 'अंगोस्तुरा बिटर्स'. मूळ हे औषध! बोलिव्हारच्या सैन्यातील योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी १८२४ साली पोटाच्या तक्रारीसाठी हा कडू अर्क सिद्ध केला. त्याच्या कुटुंबाने पुढे धंदा त्रिनिदादला हलविला. पोटासाठी निघालेले औषध प्याल्यात जाऊन बसले. औषधाच्या निमित्ताने बाटली घरात आणण्याची युक्ती, मुंबई राज्यातील दारूबंदीच्या आठवणी ज्यांच्या घरात सांगितल्या जातात त्यांना काही नवी वाटणार नाही!

तंबूतले शाहीर

नाताळ उलटला की पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलचे वेध लागतात. ख्रिस्ती उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्यापूर्वीचे सोमवार-मंगळवार हे कार्निव्हलचे दिवस. त्याच्या आधीचे काही आठवडे कॅलिप्सोचे 'तंबू' उभे राहतात. आज हे कार्यक्रम पक्क्या सभागृहात होतात, पण नाव तंबूच. प्रारंभी खरोखरच बांबूचे खांब आणि वर ताडपत्री किंवा झावळ्या असत. तमाशाच्या कनातीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आणि साम्य कनातीपुरतेच नाही. येथला गायक स्वतःचे नाव लावीत नाही. तो कोणी 'लॉर्ड' असतो, कोणी 'मायटी', कोणी तर 'अटिला द हन'! ज्यांना दिवसा कोणी साहेब म्हणत नाही ते रात्री स्वतःच सरदारकी बहाल करून घेतात. दोन गायक समोरासमोर उभे राहून जागच्या जागी कडवी रचीत एकमेकांची खोडी काढतात. या बोचऱ्या थट्टेला 'पिकाँग' म्हणतात. कलगी आणि तुरा यांचे फड जुंपलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा सवालजवाब परका वाटणार नाही. विषय कोणताही असो: राज्यपालाची चूक, शेजाऱ्याची बायको, पावाचा भाव, क्रिकेटची कसोटी. वर्तमानपत्र न वाचणाऱ्याचे वर्तमानपत्र म्हणजे कॅलिप्सो.

असे शाहीर सरकारला कसे परवडावेत? १९३४ साली वसाहत सरकारने नाटकगृहे आणि नृत्यगृहे यांचा कायदा केला, आणि कॅलिप्सोची गाणी पोलिसांच्या नजरेखालून जाऊ लागली. आपल्या मुंबई राज्यातही स्वातंत्र्याच्या सुमारास तमाशावर बंदी आली होती आणि मग वग आधी तपासून घेण्याच्या अटीवर तो पुन्हा उभा राहिला. सत्तेचा रंग बदलला तरी शाहिराची भीती सारखीच, असे म्हणायचे! परंतु त्रिनिदादच्या शाहिराने याचा असा काही सूड घेतला की बोलायची सोय नाही. अटिला द हन, म्हणजे रेमंड क्वेवेडो, १९४६ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरसभेवर निवडून आला आणि १९५० साली थेट कायदेमंडळात जाऊन बसला. ज्याची गाणी तपासली जात होती तो आता कायदे तपासू लागला.

१९५० च्याच जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर वेस्ट इंडीजने इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटीत हरविले. अकरा बळी घेणारा सनी रामाधीन हा त्रिनिदादचा, हिंदी वंशाचा. वेस्ट इंडीजकडून खेळलेला पहिला हिंदी वंशीय. त्या विजयावर लॉर्ड बिगिनरने रचलेले कॅलिप्सो क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झाले. गावसकरवरील गाण्याची परंपरा अशी जुनी आहे. या तंबूत खेळाडूची जात, वंश, देश विचारीत नाहीत. त्याने खेळ दाखवावा, बस्स!

बंदीतून जन्मलेले वाद्य

या बेटाच्या रात्रीला एक नाद आहे, तो कानात घुमल्याशिवाय तिचे वर्णन पुरे होत नाही. तो नाद म्हणजे 'स्टीलपॅन'. तेल साठविण्याचे मोठे पोलादी पिंप घ्यायचे, त्याचे तोंड हातोडीने ठोकून खोलगट करायचे, त्यावर सुरांची घरे पाडायची, आणि रबर गुंडाळलेल्या काड्यांनी वाजवायचे. ऐकणाऱ्याला खरे वाटणार नाही, पण या भंगारातून घंटेसारखा, पाण्यासारखा झुळझुळीत सूर निघतो.

याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांचा कार्निव्हल मशाली आणि ढोल घेऊन मध्यरात्री निघे. १८८१ साली पोलिसांनी तो अडविला आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोठी दंगल उसळली. त्यानंतर १८८४ पर्यंतच्या कायद्यांनी ढोलावरच बंदी आणली. पण ज्याच्या हाताला ताल आहे त्याचा ढोल हिसकावून काय होणार? लोकांनी निरनिराळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे हाताशी आली. १९३० नंतरच्या दशकात कोणाच्या तरी ध्यानात आले की ठोकलेल्या पत्र्यातून निरनिराळे सूर निघतात. विन्स्टन सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स अशा गरीब वस्तीतील पोरांनी त्यातून पुरे वाद्य घडविले. दुसऱ्या महायुद्धात कार्निव्हल बंद होता. १९४५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि ही पिंपे रस्त्यावर उतरली.

सभ्य घरांतून या पोरांना गुंड म्हणत. बापाला कळले तर मार बसे. ते साहजिकही होते, कारण निरनिराळ्या वस्त्यांचे ताफे एकमेकांना भिडले की सुरांबरोबर सुरेही निघत. पण १९५१ साली यातलेच निवडक अकरा जण लंडनच्या महोत्सवात वाजवून आले, आणि विलायतेने टाळ्या दिल्यावर मायदेशाचेही कान उघडले. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य ठरले. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला. ढोलबंदी करणाऱ्या त्या अधिकाऱ्याचे नाव आज कोणाच्या ओठी आहे?

कार्निव्हलच्या आधी ही पथके आपापल्या 'पॅनयार्ड'मध्ये, म्हणजे वाड्यात, रात्र रात्र तालीम करतात. वाड्याला दार असले तरी मज्जाव नाही. शंभराच्या घरात वादक एका वेळी वाजवीत असतात, बाजूला कोणी मक्याचे सूप विकीत असते, पोरेबाळे आईच्या कडेवर झोपलेली असतात. इन्व्हेडर्स या जुन्या पथकाचा वाडा क्वीन्स पार्क ओव्हलच्या अगदी समोर आहे. गावसकरने २२० धावा काढल्या ते हेच ओव्हल!

डॉलरची रात्र

आता या रात्रीची काळी बाजू. १९४० मध्ये इंग्लंडने अमेरिकेकडून पन्नास जुन्या विनाशिका घेतल्या आणि मोबदल्यात आपल्या वसाहतींतील जागा नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊ केल्या. त्यात त्रिनिदादचा चाग्वारामासचा निसर्गसुंदर किनाराही गेला. तेथे नौदलाचा तळ आणि आत वॉलरफील्डला विमानतळ झाला. हजारो तरुण अमेरिकन सैनिक खिशात डॉलर खुळखुळवीत बेटावर उतरले. मळ्यावर राबणाऱ्याला तळावरच्या मजुरीत कधी न पाहिलेला पैसा दिसला. दारूगुत्ते, नाचघरे, रात्रीचे क्लब भराभर निघाले. पैशामागून सारे काही गेले. त्यात गरिबांच्या मुलीही गेल्या.

लॉर्ड इन्व्हेडर या कॅलिप्सो गायकाने १९४३ साली यावर गाणे केले: 'रम अँड कोकाकोला'. वरवर खेळकर, आतून कडवट. आई आणि मुलगी दोघींनाही परक्या डॉलरसाठी राबावे लागते, हे त्यातले शल्य. त्याच साली मोरी ॲम्स्टरडॅम नावाचा अमेरिकन विनोदी नट सैनिकांच्या करमणुकीसाठी बेटावर आला. परत गेल्यावर हे गाणे त्याच्या नावावर नोंदले गेले! अँड्र्यूज भगिनींनी ते १९४४ मध्ये गायिले आणि १९४५ साली अमेरिका त्या गाण्यावर डोलू लागली. लक्षावधी तबकड्या खपल्या. ज्याने लिहिले त्याला त्यातला छदामही मिळाला नाही. ज्यांच्या दुःखावर लिहिले त्यांचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या विटंबनेवर अमेरिकन जोडपी नाचत होती.

पण येथे गोष्टीला कलाटणी मिळते. इन्व्हेडरच्या गाण्याचे शब्द पोर्ट ऑफ स्पेनच्या एका प्रकाशकाने आधीच पुस्तिकेत छापून ठेवले होते. त्याचे नाव मोहम्मद खान. आफ्रिकी वंशाच्या शाहिरासाठी हा खान न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभा राहिला, आणि १९४७ साली न्यायालयाने निकाल दिला की गाणे इन्व्हेडरच्याच शब्दांवरून उचललेले आहे. चालीचा खटला वेगळा चालला. ती चाल लायनेल बेलास्को या त्रिनिदादच्याच संगीतकाराची निघाली. चिमुकल्या बेटावरच्या रमशॉपच्या गाण्याने बलाढ्य अमेरिकन कंपनीला न्यायालयात नमविले. लेखनाचे हक्क म्हणजे काय हे ज्या आमच्या लेखक-शाहिरांना आयुष्यभर कळले नाही, त्यांची येथे आठवण झाली.

युद्ध संपले, सैनिक ओसरू लागले. १९५६ मध्ये मायटी स्पॅरो नावाच्या विशीतल्या गायकाने 'जीन अँड डायना' गाऊन कॅलिप्सोचा मुकुट जिंकला. अमेरिकन गेल्यावर उपाशी पडलेल्या बायकांना तो त्यात डिवचतो. आता आमच्याच दाराशी याल, असा त्याचा सूर. गाणे गाजले आणि आजही गाजते. पण खरे सांगू? ते ऐकताना हसू येते आणि मागून लाज वाटते. परक्या डॉलरने जिला विकत घेतले तिला आपल्या माणसाने टोमणे मारावेत, हा कुठला न्याय? इन्व्हेडरच्या गाण्यात निदान राग सत्तेवर होता. येथे तो दुबळीवर आला. तमाशातल्या बाईला रात्री शिट्टी आणि सकाळी नाके मुरडणारा समाज आपल्यालाही परिचित आहे.

काव्यगत न्याय म्हणा, पण स्पॅरोला मुकुटाबरोबर मिळाले अवघे चाळीस डॉलर. सौंदर्यस्पर्धेतील राणीला मात्र मूल्यवान बक्षिसे. रागावून त्याने पुढच्या वर्षी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. चाग्वारामासचा तळ परत मिळावा म्हणून १९६० च्या एप्रिलात एरिक विल्यम्स यांनी भर पावसात मोर्चा काढला. हेच पुढे स्वतंत्र देशाचे पहिले पंतप्रधान. आज त्याच चाग्वारामासला लोक सहलीला आणि रात्रीच्या मेजवान्यांना जातात.

बॉम्बे स्ट्रीटवरची पहाट

पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला सेंट जेम्स नावाचे उपनगर आहे. कधीही न झोपणारी वस्ती अशी त्याची ख्याती. पूर्वी येथे उसाचा मळा होता आणि करार संपलेले हिंदी मजूर येथे स्थायिक झाले. म्हणून येथल्या रस्त्यांची नावे वाचताना आगगाडीचे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते: कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट, आणि होय, बॉम्बे स्ट्रीटसुद्धा! मुख्य रस्त्यावर बार आहेत, आणि त्याच रस्त्यावरून मोहरमचे ताबूत निघतात. त्यापुढे वाजतो तो 'तासा', म्हणजेच आपला ताशा. तो वाजविणारे हात हिंदू, मुसलमान, आफ्रिकी असे सर्वांचे असतात.

जवळच वुडब्रुकमध्ये अरिआपिता ॲव्हेन्यू. ही आजची झगमगती बारची रांग. तिकडे टोबॅगोत बुक्कू गावी दर रविवारी रात्री नाचगाण्याचा जो मेळा भरतो त्याला लोक 'संडे स्कूल' म्हणतात. शाळेला एवढी हजेरी जगात कोठे लागत नसेल!

रात्र कोठेही सुरू झाली तरी ती संपते 'डबल्स'च्या गाडीपाशी. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ तळलेले 'बारा' आणि मध्ये चण्याची उसळ. वर चटणी. 'बारा' म्हणजे भोजपुरी 'बरा', आपला 'वडा'. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउन गावी दीन नावाच्या कुटुंबाने ही खाद्यवस्तू काढली आणि आज ती साऱ्या देशाची झाली आहे. पहाटे चार वाजता मोटारवाला आणि हमाल एका गाडीपाशी उभे राहून कागदावरचा तोच पदार्थ बोटांनी निपटतात. जे राजकारणाला साधले नाही ते या चण्याने साधले.

पण या रात्रीवर सावल्याही आहेत. टोळ्यांच्या खुनाखुनीमुळे २०११ मध्ये सरकारने आणीबाणी पुकारून संचारबंदी लावली आणि रात्रीचा देश नऊ वाजता दारे लावून बसला. २०२१ मध्ये साथीमुळे कार्निव्हलच झाला नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर पुन्हा आणीबाणी आली. आणि पैसा? उंची मेजवान्यांची तिकिटे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. ज्या गरिबांनी बंदी मोडून हा उत्सव जगविला, त्यांचीच नातवंडे आज दोरीबाहेर उभी राहून तो पाहतात.

नाना, नानी आणि बाटली

आपल्या रक्ताच्या माणसांचे या रात्रीत काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. मळ्यातले मोडकळलेले बराकीवजा घर, परतीची अंधुक आशा, आणि आठवड्याच्या मजुरीच्या वाटेवरच उभे असलेले रमचे दुकान. हिंदी मजूर रमच्या आहारी गेला यात नवल ते काय? स्वातंत्र्यानंतरच्या काळात मायकेल ब्यूब्रन या त्रिनिदादच्या मानसोपचारतज्ज्ञाने मद्यासक्तीचा अभ्यास केला, तेव्हा हिंदी वस्तीतील हे दुखणे ठळकपणे पुढे आले. किती संसार त्या जाळीआड बुडाले असतील! 'आजा-आजी' हे शब्द त्या लोकांनी जपले. आमच्या आजीप्रमाणेच तेथल्या आजीनेही रात्री दाराशी बसून पावलांची चाहूल घेतली असेल, आणि पावले अडखळत आली की चुलीकडे तोंड फिरविले असेल.

१९७० च्या सुमारास सुंदर पोपो या तरुणाने भोजपुरी-इंग्रजी मिश्रणात एक गाणे गायिले. त्यात नाना रमच्या तारेत आहे आणि नानी वाइनच्या. सारा समाज खदखदून हसला. त्यातूनच 'चटणी' या नावाचे नवे संगीत रूढ झाले. लग्नघरात आतल्या अंगणात बायका गात असत ती गाणी आता ध्वनिवर्धकावर आली. द्रुपती रामगुणाई या स्त्रीने १९८७ मध्ये ते कॅलिप्सोच्या रंगमंचावर नेले, तेव्हा हिंदू बाईने असे गावे काय, म्हणून केवढा गहजब झाला! पुरुषाने दुकानात बसून पिण्याबद्दल मात्र एवढा गहजब झाल्याचे दिसत नाही. पुढे तर रमचे गुणगान हा चटणी गाण्यांचा ठराविक साचाच होऊन बसला, आणि त्यावर तेथील विचारी माणसे कळवळून लिहू लागली. हसून दुःख विसरता येते हे खरे. पण दुःखाचीच बाटली पुन्हा पुन्हा भरून हसायचे, हे किती दिवस?

आणि दैवाची थट्टा पाहा. २००३ साली सरकारी साखर कंपनी बंद पडली, सुमारे नऊ हजार माणसे घरी बसली. पुढे चार वर्षांत साखरेचा धंदाच संपला. आज त्रिनिदादची रम बाहेरून आणलेल्या मळीवर चालते! बंद पडलेल्या कारोनी भट्टीतील जुनी पिंपे एका इटालियन व्यापाऱ्याने विकत घेतली. त्यांतली रम आज शौकीन लोक मूल्यवान चित्रासारखी जपतात. जी पिऊन मजुराचा संसार बुडाला ती आता श्रीमंताच्या कपाटात मिरवते. मळीतही शेवटी गोडवा उरला होता म्हणायचा, पण तोही मालकाचाच.

पणत्यांची रात्र

दिवाळी अंकात दारूचे एवढे पुराण कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर आहे.

त्रिनिदादमध्ये १९६६ पासून दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. चाग्वानास गावी, ज्या भागात व्ही. एस. नायपॉल जन्मले तेथे, १९८६ पासून 'दिवाळी नगर' नावाचा मोठा मेळा भरतो. लोक बांबूच्या कमानी करतात, चिरलेल्या बांबूवर ओळीने मातीच्या पणत्या मांडतात. आफ्रिकी शेजारी, ख्रिस्ती, मुसलमान सारे ते पाहायला येतात. हिंदू घरांतून त्या दिवसांत मांस आणि मद्य वर्ज्य. दिवाळी नगरातही दारूला थारा नाही. गाणे आहे, नाच आहे, तासा आहे, हजारोंची गर्दी आहे. फक्त बाटली नाही. आणि रात्र तरीही रंगते!

म्हणजे त्या बेटाच्या रात्रीचे खरे गुपित रम नव्हतेच. रम हे तिचे निमित्त होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत तिचा शाप. गुपित आहे ते चार माणसांनी जमण्यात, बंदी आली तर बांबू आपटण्यात, आपल्याला हरविणाऱ्याचेही गाणे गाण्यात. ज्यांचे घर, भाषा आणि नावही हिरावले गेले होते त्यांनी एवढे मात्र कोणाला हिरावू दिले नाही.

आपण येथे पहिली पणती लावतो तेव्हा तेथे अजून सकाळ असते. आपल्या पणत्या विझत आल्या की तिकडे आजी आपल्या नातवाकडून बांबूवर वाती लावून घेते. त्या वातींच्या उजेडात कोपऱ्यावरचे रमशॉपही दिसत असते. त्या एका रात्री तरी पावले त्या जाळीकडे न वळता सरळ घरी यावीत, एवढे मागणे त्या आजीच्या वतीने आपण येथून मागू या.